न नोंदलेली मागणी

मराठी मध्यमवर्गाला प्रेम करावयास कोणी शिकविले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे प्रामाणिक उत्तर ‘कादंबरीकारांनी’ असेच द्यावे लागेल. वडीलधाऱ्यांनी स्थळे पाहिली, पत्रिका जुळविल्या, मुहूर्त काढले. परंतु आपल्या मनात जी उलघाल चालली आहे तिला प्रेम म्हणतात, ती शब्दांत सांगता येते आणि ती सांगण्यात अप्रतिष्ठा नाही, हा धडा ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेक लोकप्रिय लेखकांनी दिला. समीक्षकांनी यांपैकी पुष्कळ पुस्तकांना नाके मुरडली. वाचनालयांतून मात्र त्यांच्या प्रती शिवण उसवेपर्यंत फिरत राहिल्या. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांनी प्रणयाची भाषा उचलली ती या प्रतींतूनच.

या शाळेत ज्याला कधी प्रवेशच मिळाला नाही असा एक विद्यार्थी आहे. ज्या तरुणाचे मन तरुणावरच जडते, त्याला आपली गोष्ट सांगणारी कादंबरी आपल्या गावच्या वाचनालयात सहसा मिळत नाही. तो नांदेडला आहे, लातूरला आहे, मुखेड-देगलूरकडे आहे आणि औसा-निलंग्याकडेही आहे. त्याची संख्या किती, हा वाद येथे अप्रस्तुत आहे; तो आहे, एवढे पुरे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरले नाही. मधल्या काळात, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, अशा जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य करण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला, हेही खरे. कायद्याची ही वाटचाल वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली. परंतु माणसाला गुन्हेगार ठरविणे कायदा थांबवू शकतो. त्याला प्रेमाची भाषा देणे कायद्याच्या आवाक्यातले नाही. ते काम कादंबरीचे आहे, आणि ती कादंबरी आमच्या वाचनालयांत असावी, एवढेच या लेखाचे मागणे आहे.

तीन आवडत्या कादंबऱ्या

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अर्थशास्त्र शिकविण्याचा. कादंबरीवाचन ही फावल्या वेळची हौस. त्या हौसेत वाचलेल्या या विषयावरील कादंबऱ्यांपैकी तीन विशेष आवडल्या. त्यांची थोडी ओळख करून दिल्याशिवाय पुढील मुद्दा पटावयाचा नाही.

पहिली सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’. मौज प्रकाशनाने ती २००६ साली प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आला. पुण्यातील एका सुस्थित मराठी कुटुंबात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहावयास येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. तनयची बहीण अनुजाही पडते. अखेर तो पाहुणा अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. कादंबरीचे दोन भाग आहेत, पहिला तनयच्या तोंडून आणि दुसरा अनुजाच्या. कथानक एवढेच, परंतु त्यातील हिशेब पाहण्याजोगा आहे. अनुजावर घर रागावते, लोकलाजेने मान खाली घालते, तरी तिला दुःख झाले आहे हे मान्य करते. तनयचे दुःख तेवढेच आहे, पण त्याची नोंद कोठेच नाही. कारण त्याचे प्रेम घरात कोणाला ठाऊकच नव्हते. एकाच छपराखाली, एकाच माणसाने दिलेली ही दोन दुःखे. एकाचे सांत्वन होते, दुसऱ्याला अश्रूंचे कारणही सांगता येत नाही. शोक करण्याचा अधिकारसुद्धा समाज वाटून देत असतो, हे या लहानशा कादंबरीने फार स्पष्टपणे दाखविले.

दुसरी कादंबरी इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची ‘मॉरिस’. फॉर्स्टर यांचा मराठी माणसाशी जवळचा संबंध होता. देवासच्या थोरल्या पातीचे संस्थानिक तुकोजीराव पवार यांच्या पदरी १९२१ साली ते खाजगी चिटणीस होते आणि त्या मराठा दरबाराच्या आठवणी त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिल्या. ‘मॉरिस’ त्यांनी १९१३-१४ मध्येच लिहून काढली होती, परंतु ती छापली गेली १९७१ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. या विलंबाचे कारण केवळ विषय नव्हता, शेवट होता. नायकाने गळफास घेतला असता किंवा तुरुंगात गेला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, हे फॉर्स्टर जाणून होते. पण शेवट सुखाचाच करावयाचा असा त्यांचा आग्रह होता. शेअर दलाल मॉरिस आणि शिकारखान्यावरील नोकर अ‍ॅलेक हे दोघे शेवटी एकत्र राहतात. त्यासाठी एकाला आपली प्रतिष्ठा सोडावी लागते, दुसऱ्याला अर्जेंटिनात जाऊन नशीब काढण्याचा बेत. दोघांनी मोजलेली किंमत लेखकाने लपविलेली नाही. तरीही सौदा तोट्याचा ठरत नाही. सुखान्त कथेसाठी लेखकाला अर्धे शतक थांबावे लागले, यातच त्या समाजाची परीक्षा झाली.

तिसरी विक्रम सेठ यांची ‘द गोल्डन गेट’, १९८६ साली आलेली इंग्रजी पद्य-कादंबरी. सेठ मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्यांचे संशोधन अपुरे राहिले आणि चौदा-चौदा ओळींच्या कडव्यांत रचलेली ही कादंबरी मात्र पुरी झाली. अर्थशास्त्राचे यात नुकसान झाले असे म्हणवत नाही. तिच्यातील अनेक पात्रांत फिल आणि एड हे दोघे आहेत. फिल घटस्फोटित, लहान मुलाला वाढविणारा. एड श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या आड पोलीस येत नाही की शेजारी येत नाहीत. आड येते ती एडची स्वतःची धर्मबुद्धी. बाहेरची कुलपे काढली तरी आतले कुलूप राहते, हे सेठ यांनी कसलाही आव न आणता सांगितले आहे. याच सेठ यांनी २००६ साली कलम ३७७ विरुद्ध खुले पत्र काढले, तेव्हा अमर्त्य सेन यांनी त्याला पाठिंबा दिला होता.

या तिघींपैकी एकच सुखान्त आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. इंग्रजीत आता चित्र पालटले आहे. केसी मॅक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ ही २०१९ ची कादंबरी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र यांची प्रेमकथा सांगते. ती हलकीफुलकी आहे, गोड शेवटाची आहे आणि अफाट खपली आहे. थोर साहित्य म्हणून तिची गणना होणार नाही. पण फडक्यांच्या कादंबऱ्यांनी जे केले तेच ती करीत आहे: प्रेमात पडणे ही आनंदाची गोष्ट आहे, असे ती तरुण वाचकाला सांगते. मराठीला या विषयाचा टॉलस्टॉय मिळाला नाही तरी चालेल. फडके मिळावयास हवेत.

मागणी दिसत का नाही?

आता मुद्द्याचे. वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे अशा पुस्तकांचा विषय काढला तर ठरलेले उत्तर येते: ‘सर, मागणीच नाही.’ हे उत्तर देणारे लोक दुष्ट नसतात. तुटपुंज्या अनुदानात वर्तमानपत्रांची बिले, कर्मचाऱ्यांचे मानधन आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके सांभाळणारे ते गृहस्थ असतात. तरीही हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक कसे हे सांगण्यास बी.ए.च्या वर्गातील अर्थशास्त्र पुरेसे आहे.

ग्राहकाच्या मनात काय आहे हे पाहता येत नाही, तो काय निवडतो ते पाहावे, असा विचार पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ साली मांडला. त्याला प्रकट पसंतीचा सिद्धांत म्हणतात. सिद्धांत उपयुक्त आहे; परंतु निवड प्रकट करण्याचीच किंमत भारी असेल तेथे तो मुका होतो. आमच्या गावांतील वाचनालयात काय घडते ते पाहा. पुस्तक हवे तर देवघेव विभागात नाव सांगावे लागते, ते नोंदवहीत चढते, पुढे सही होते. टेबलापलीकडचे ग्रंथपाल मुलाच्या काकांचे वर्गमित्र असतात. मागे रांगेत गल्लीतलीच माणसे उभी असतात. बी.एस्सी.च्या वर्गातला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तेथे उभा राहून दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी मागेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. मागितलेच तर गंमत अशी की, बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी तरुणाच्या जीवनावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘पार्टनर’ आहे, आणि ते नाव सांगितले की वपुंची १९७६ ची ‘पार्टनर’ हातावर ठेवली जाईल. ‘ही नव्हे, दुसरी’ असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी कोठून यावे? तो वपु घेऊन घरी जातो. नोंदवहीत वपुंची मागणी एकाने वाढते.

पुढची साखळी उघड आहे. नोंदवहीत मागणी नाही म्हणून वाचनालय पुस्तक घेत नाही. मराठी कादंबरीची आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींची निघते आणि तिचा मोठा भाग वाचनालयांच्या भरवशावर असतो. वाचनालय घेत नाही म्हणून प्रकाशक छापण्यास धजत नाही. प्रकाशक नाही म्हणून लेखक लिहीत नाही, आणि पुस्तकच नाही तर वाचक मागणार काय? रॅग्नर नर्क्से यांनी गरीब देशांचे जे दुष्टचक्र सांगितले, त्याचीच ही छोटी प्रतिकृती आहे. असे चक्र आपोआप तुटत नसते. कोठेतरी बाहेरून धक्का द्यावा लागतो. सार्वजनिक ग्रंथालये सरकारी पैशावर चालविण्याचे प्रयोजनच मुळी हे आहे. केवळ मोठ्याने मागितले जाते तेच पुरवावयाचे असते, तर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा कशाला हवा होता? ते काम बसस्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यानेही केले असते.

न मिळण्याची किंमत

‘न मिळाले तर काय बिघडले?’ असे विचारले जाईल. बिघडते ते असे. अकरावी-बारावीसाठी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी सबंध मराठवाड्यातून मुले लातूरला येतात, नांदेडलाही येतात. सोळा-सतरा वर्षांचे वय, घरापासून दूर, वसतिगृहाची खोली आणि समोर प्रश्नसंच. या वयात मनाला जे व्हावयाचे ते होतेच. मुलगी आवडलेल्या मुलाला मित्र चिडवतात, त्या चिडवण्यातच एक मान्यता असते. मित्रच आवडलेल्या मुलाला मात्र शिवी तेवढी ऐकू येते. त्याच्याजवळ मोबाईल आहे, हे खरे. मोबाईलवर त्याला देह पाहिजे तेवढा दिसतो. पण एकाने दुसऱ्याची वाट कशी पाहावी, रुसवा कसा काढावा, नकार आला तर तो कसा सोसावा, हे तेथे कोण सांगणार? आपल्याला झालेली गोष्ट म्हणजे विकृती नाही, ते प्रेमच आहे, हे त्याला कोणी वेळेवर सांगितले नाही तर तो स्वतःचा तिरस्कार करण्यास शिकतो. त्या तिरस्काराची परिणती काय होऊ शकते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

यथावकाश नोकरी लागते आणि लग्न होते. येथे आणखी एक व्यक्ती हिशेबात येते, तिचा विचार आपण कधी करीत नाही. ती मुलगी. आपल्यात काय उणे आहे, हा प्रश्न स्वतःला विचारीत ती आयुष्य काढते. शेत विकून किंवा कर्ज काढून तिच्या वडिलांनी ते लग्न लावलेले असते. एका सत्याला जागा नाकारल्याबद्दल दोन कुटुंबे पिढीभर व्याज भरीत राहतात.

ही गोष्ट खेड्यात सांगता येते, आणि मराठीत सांगता येते, हे २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने दाखवून दिले. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि गावातच शेतीभाती करणारा त्याचा बालमित्र, या दोघांची ही कथा. दोघांच्याही मागे लग्नाचा लकडा आहे. मुलाचे मन ओळखून असलेली एक साधी आईही तीत आहे. अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. रंगभूमीने तर याहून कितीतरी आधी, १९८१ साली, तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला मध्यभागी आणले होते. मागे राहिली आहे ती कादंबरी, आणि कादंबरीहूनही मागे राहिले आहे तिचे कपाट.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. अठराव्या शतकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, होऊन गेलेले सूफी कवी सिराज यांनी ‘बोस्ताने खयाल’ या मसनवीत एका तरुणावरील आपल्या प्रेमाची कहाणी सांगितली आहे. ते मराठवाड्याच्या मातीतले होते. उलट, ज्या कलमाने हे प्रेम गुन्हा ठरविले ते मेकॉलेप्रणीत दंडविधानातून १८६० साली आले. आयात कशाची झाली, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. तो जुना आहे आणि त्याचा इतिहास उद्बोधक आहे. र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल खटला झाला, त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. परंतु आज त्या दोघांपैकी कोणाचे चुकले असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. पुढे चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरविले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. काल ज्या पुस्तकावर खटला झाला ते आज निरुपद्रवी वाटते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. शिवाय ‘कोबाल्ट ब्लू’ वाचून कोणाचे शील बिघडेल, असे ती वाचलेला मनुष्य तरी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आस्थेतून येतो. ज्या प्रदेशात शेतकरी आत्महत्या करतो, जेथे तरुणांना काम नाही, तेथे ही चैन कशाला? लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्या वर्षीही लातुरात लग्ने लागली, मुले जन्मली आणि वसतिगृहांतील तरुणांनी उशाशी कादंबऱ्या ठेवल्या. टंचाईत माणसाच्या गरजा कमी होत नाहीत. त्यांचा अग्रक्रम तेवढा ठरवावा लागतो. येथे तर निवड पाणी की पुस्तक अशी नाहीच. वाचनालयाच्या पुस्तकखरेदीत चार पुस्तकांची भर, एवढाच हा खर्च आहे.

काय करता येईल?

निजामी राजवटीत मराठी भाषेला शाळेत दुय्यम स्थान होते तेव्हा मराठवाड्यातील वाचनालयांनी तिला आसरा दिला. ज्यांना आपल्या भाषेत बोलण्याची चोरी होती त्यांच्यासाठी ती वाचनालये उभी राहिली, हा त्यांचा वारसा आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा परखड आढावा घेतला, जे समाजाला अडचणीचे वाटते त्याकडे सरळ पाहण्याची सवय त्यांनीच या भागाला लावली. लातूर जिल्ह्यातील उदगीरला २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या परंपरेला चार कादंबऱ्या जड होण्याचे कारण नाही.

सूचना साध्या आहेत. ही पुस्तके घ्यावीत आणि ती इतर कादंबऱ्यांतच, लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावावीत. त्यांच्यासाठी निराळे कपाट किंवा निराळी पाटी नको. जेथे शक्य आहे तेथे मुक्तद्वार पद्धत ठेवावी, म्हणजे नाव सांगावे न लागता वाचकाला स्वतः पुस्तक काढता येईल. वाचनकक्षातच बसून वाचण्याची मुभा असावी. न नोंदलेले वाचन हेही वाचनच असते. महाविद्यालयांच्या ग्रंथपालांनी मराठी विभागाच्या यादीत ‘कोबाल्ट ब्लू’ घालावी. आणि आमच्याकडील जे तरुण लिहू पाहतात त्यांनी ही कथा पुण्या-मुंबईवर सोडू नये. सोयाबीनच्या काढणीत, आडतीवर, शिकवणीच्या वर्गाबाहेरील चहाच्या टपरीवर ती घडत असेल. ती आमच्या बोलीत लिहिली गेली पाहिजे आणि निदान एकदा तरी तिचा शेवट गोड झाला पाहिजे.

मार्चअखेर जवळ आली की वाचनालयांत पुस्तकखरेदीच्या याद्या तयार होऊ लागतील. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘मागणी नाही’ असे कोणी म्हणाले तर उपस्थित शिक्षकांनी आणि कारकून बंधूंनी एवढेच करावे: मागणी आपल्या नावावर नोंदवावी. आपल्याला ते पुस्तक मागताना काही गमवावे लागत नाही. ज्याला ते हवे आहे त्याला फार गमवावे लागेल.